गेमिंग आणि गाण्यांसाठी हेडफोन वापरताना कान कसे जपायचे?

शूटिंग गेममध्ये शेवटचे चार-पाच खेळाडू उरले की बहुतेक जण एकच गोष्ट करतात. ते आवाज वाढवतात. शत्रूच्या पावलांची चाहूल लागावी म्हणून व्हॉल्यूम वर जातो आणि पुढच्याच क्षणी त्याच व्हॉल्यूमवर कानाशी बंदूक धडधडते. गाणी ऐकणाऱ्यांचंही असंच होतं. लोकलच्या डब्यातला खडखडाट झाकण्यासाठी वाढवलेला आवाज घरी शांत खोलीत आल्यावरही तसाच राहतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगभरातल्या १२ ते ३५ वयोगटातल्या १ अब्जाहून अधिक लोकांना मोठ्या आवाजात ऐकण्याच्या सवयीमुळे श्रवणशक्ती गमावण्याचा धोका आहे. असं झालेलं नुकसान बहुतेक वेळा दुखत नाही, लगेच कळतही नाही आणि एकदा कायमचं झालं की भरून येत नाही. मात्र ते जवळपास पूर्णपणे टाळता येतं. त्यासाठी गेम किंवा गाणी सोडावी लागत नाहीत. आवाज किती आणि किती वेळ, हे गणित समजून घेतलं की पुरे.

कानात नेमकं काय बिघडतं?

बाहेरून आलेला आवाज कानाच्या पडद्यावर आदळतो. पडद्याची थरथर तीन इवल्याशा हाडांमधून आतल्या कानापर्यंत पोहोचते. तिथे गोगलगायीच्या शंखासारखी वेटोळी असलेली एक नळी असते, तिला कॉक्लिया म्हणतात. तिच्या आत द्रव असतो आणि केसांसारखे सूक्ष्म तंतू असलेल्या केशपेशी रांगेने बसलेल्या असतात. प्रत्येक कानात अशा साधारण १५ हजार पेशी असतात. द्रव हलला की हे तंतू वाकतात आणि त्यातून तयार झालेला संदेश नसेमार्फत मेंदूकडे जातो.

फार मोठा किंवा फार वेळ चाललेला आवाज या पेशींना थकवतो. मिरवणुकीतून किंवा कॉन्सर्टमधून बाहेर पडल्यावर थोडा वेळ कान बंद झाल्यासारखे वाटतात, आत शिट्टी वाजत राहते, ते याच थकव्यामुळे. विश्रांती मिळाली तर पेशी बऱ्याच अंशी सावरतात. मात्र पुन्हा पुन्हा तसंच होत राहिलं तर त्या मरतात. पक्ष्यांमध्ये अशा पेशी नव्याने उगवतात, माणसात उगवत नाहीत.

हे नुकसान सगळ्या आवाजांवर सारखं होत नाही. सुरुवातीला ३ ते ६ किलोहर्ट्झच्या पट्ट्यातले वरचे, बारीक सूर ऐकू येणं कमी होतं. बोलण्यातली स, श, च, क, त यांसारखी व्यंजनं ओळखण्यासाठी लागणारा बराचसा तपशील वरच्या सुरांमध्ये असतो, तर 'आ'सारखे स्वर खालच्या सुरांमध्ये आणि जोरकस असतात. म्हणून 'साप', 'ताप', 'चाप' आणि 'काप' हे शब्द एकसारखे वाटू लागतात. समोरचा बोलतोय हे ऐकू येतं, पण काय बोलतोय ते नीट कळत नाही. गर्दीत किंवा हॉटेलात ही अडचण जास्त जाणवते.

गेम खेळणाऱ्यांच्या दृष्टीने यात आणखी एक मुद्दा आहे. पावलांचा आवाज कोणत्या दिशेने येतोय, पुढून की मागून, वरून की खालून, हे ओळखायला हेच वरचे सूर उपयोगी पडतात. म्हणजे चाहूल घेण्यासाठी आवाज वाढवत राहणारा खेळाडू चाहूल घेण्याची क्षमताच हळूहळू खर्च करत असतो.

किती आवाज, किती वेळ?

आवाजाची पातळी डेसिबलमध्ये मोजतात. हे माप साध्या बेरजेने चालत नाही. डेसिबलमध्ये फक्त ३ ची वाढ झाली की कानावर पडणारी ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते. कानाला मात्र तो फरक जेमतेम जाणवतो. त्यामुळे 'थोडासाच तर वाढवला' असं वाटत असताना कानावरचा भार दुप्पट झालेला असतो.

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी मिळून हेडफोनवर ऐकण्याच्या उपकरणांसाठी एक मानक तयार केलं आहे. त्यात आठवड्याचा हिशेब धरला आहे. प्रौढांसाठी सुरक्षित मर्यादा साधारण अशी आहे:

- ८० डेसिबल: आठवड्याला ४० तास
- ८५ डेसिबल: आठवड्याला १२ तास ३० मिनिटं
- ९० डेसिबल: आठवड्याला ४ तास
- ९५ डेसिबल: आठवड्याला १ तास १५ मिनिटं
- १०० डेसिबल: आठवड्याला २० मिनिटं

याकडे मोबाइलच्या डेटा पॅकसारखं बघता येईल. आठवड्याचा पॅक ठरलेला आहे. तो मोठ्या आवाजात दोन दिवसांत संपवायचा की कमी आवाजात आठवडाभर पुरवायचा, एवढाच प्रश्न आहे.

एक उदाहरण घेऊ. एखादा मुलगा रोज दोन तास, म्हणजे आठवड्याला १४ तास गेम खेळतो आणि हेडफोनमधला सरासरी आवाज ९० डेसिबल आहे. त्याची ४ तासांची मर्यादा दुसऱ्याच दिवशी संपते. त्याने आवाज फक्त ६ डेसिबलने कमी केला, म्हणजे ८४ वर आणला, तर मर्यादा चौपट होऊन सुमारे १६ तासांवर जाते. मग त्याचे १४ तास तिच्यात बसतात. खेळण्याची वेळ एक मिनिटानेही कमी झालेली नाही.

या हिशेबात फक्त हेडफोन धरून चालत नाही. मिरवणुकीतला डीजे, ढोल-ताशा पथकाचा सराव, कारखान्यातलं यंत्र, वाहतुकीचा गोंगाट हे सगळं त्याच खात्यातून वजा होतं. संध्याकाळी दोन तास ढोल वाजवून आलेल्याने रात्री हेडफोन लावून मॅच खेळू नये, कारण त्याचे कान आधीच थकलेले असतात. पथकात वाजवणाऱ्यांनी आणि मिरवणुकीत जाणाऱ्यांनी फोमचे इअरप्लग वापरले तर भार बराच कमी होतो. ते औषधांच्या दुकानात आणि ऑनलाइन मिळतात.

गेमिंगचा धोका वेगळा का आहे?

जानेवारी २०२४ मध्ये 'बीएमजे पब्लिक हेल्थ' या नियतकालिकात व्हिडिओ गेम आणि श्रवणशक्ती यांवरच्या १४ अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध झाला. या अभ्यासांमध्ये मिळून ५० हजारांहून अधिक लोकांचा समावेश होता. त्यातल्या एका अभ्यासात चार शूटिंग गेमचा हेडफोनमधला सरासरी आवाज सुमारे ८५ ते ९१ डेसिबल भरला. काही गेममध्ये गोळीबार किंवा स्फोटासारखे क्षणिक आवाज ११९ डेसिबलपर्यंत गेल्याचंही या आढाव्यात नोंदवलं आहे. संशोधकांनी या विषयावर अजून अभ्यास हवेत असं म्हटलं, पण उपलब्ध माहितीवरून अनेक खेळाडूंची ऐकण्याची पातळी मर्यादेच्या जवळ किंवा तिच्या पुढे असल्याचंही नमूद केलं.

गाणं आणि गेम यांत तीन मोठे फरक आहेत.

पहिला फरक चढ-उताराचा. बहुतेक फिल्मी आणि पॉप गाण्यांमध्ये आवाजाची पातळी बऱ्यापैकी एकसारखी ठेवलेली असते. गेममध्ये मात्र पावलांची कुजबुज आणि ग्रेनेडचा स्फोट यांत प्रचंड तफावत असते. खेळाडू व्हॉल्यूम ठरवतो तो सर्वात हळू आवाजाच्या हिशेबाने आणि कानाला सोसावा लागतो तो सर्वात मोठा आवाज.

दुसरा फरक वेळेचा. गाणी ऐकणारा माणूस मध्येच हेडफोन काढतो, कुणाशी बोलतो. गेममध्ये 'अजून एकच मॅच' म्हणत तीन-चार तास सलग जातात.

तिसरा फरक लक्ष देण्याचा. गेममध्ये मन गुंतलेलं असताना कानाला होणारा त्रास जाणवत नाही. त्यात टीममधल्या मित्रांचं बोलणं ऐकू यावं म्हणून आवाज आणखी वाढवला जातो.

गेमच्या सेटिंगमध्ये काय बदलावं?

चाहूल ऐकू यावी आणि स्फोटाचा दणका बसू नये, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधता येतात. त्यासाठी मुख्य व्हॉल्यूम वाढवण्याऐवजी आवाजातली तफावत कमी करायची.

- संगीत आणि मेनूचे आवाज कमी करावेत. बहुतेक गेममध्ये संगीत, इफेक्ट्स आणि मेनूचे आवाज यांचे वेगवेगळे स्लायडर असतात. संगीत शून्यावर आणलं तर पावलं कमी व्हॉल्यूमवरही स्पष्ट ऐकू येतात.
- व्हॉइस चॅट वेगळं जुळवावं. मित्राचं बोलणं ऐकू येत नसेल तर चॅटचा स्लायडर वाढवावा, सगळ्या गेमचा आवाज नाही. एखाद्याचा माइक फार मोठा असेल तर त्याचा एकट्याचा आवाज कमी करण्याची सोय अनेक चॅट ॲपमध्ये असते.
- नाइट मोड शोधावा. काही गेम, कन्सोल आणि हेडसेटच्या ॲपमध्ये 'नाइट मोड', 'मिडनाइट मोड' किंवा 'डायनॅमिक रेंज' असा पर्याय असतो. तो हळू आवाज वर आणतो आणि मोठे आवाज दाबतो. विंडोजवर चालणाऱ्या अनेक कॉम्प्युटरमध्ये साउंड सेटिंग्जमध्ये 'लाउडनेस इक्वलायझेशन' या नावाने हीच सोय मिळते.
- हा पर्याय चालू केल्यावर मुख्य आवाज कमी करावा. ही पायरी चुकवू नये. हळू आवाज वर आल्यामुळे एकूण सरासरी वाढलेली असते. मुख्य व्हॉल्यूम खाली आणला नाही तर फायद्याऐवजी तोटा होतो.
- स्पीकरवरून हेडफोनवर जाताना आधी व्हॉल्यूम पाहावा. स्पीकरसाठी वाढवलेला आवाज हेडफोन लावल्यावर थेट कानात आदळतो.
- दोन मॅचच्या मध्ये हेडफोन काढावा. लॉबीत थांबण्याची पाच मिनिटं कानांना विश्रांती म्हणून वापरता येतात.

गेम बनवणाऱ्यांवरही काही जबाबदारी आहे. २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि दूरसंचार संघाने व्हिडिओ गेम आणि ई-स्पोर्ट्ससाठी स्वतंत्र मानक जाहीर केलं. वेगवेगळ्या आवाजांसाठी वेगळे स्लायडर, खेळाडूने किती आवाज सोसला याची नोंद आणि मर्यादा जवळ आल्यावर सूचना, अशा सोयी गेममध्येच असाव्यात अशी त्यात शिफारस आहे.

गाणी, प्रवास आणि नॉइज कॅन्सलेशन

गाणी ऐकताना आवाज वाढतो तो बहुधा आजूबाजूच्या गोंगाटामुळे. म्हणून बाहेरचा आवाज अडवला की आतला आवाज आपोआप कमी ठेवता येतो.

कानात नीट बसणाऱ्या सिलिकॉनच्या टोकांचे इअरफोन किंवा कान पूर्ण झाकणारे हेडफोन यासाठी उपयोगी पडतात. इअरफोनसोबत बहुधा तीन मापांची टोकं मिळतात. त्यातली कानात घट्ट बसणारी निवडावीत. सैल बसणाऱ्या टोकांमधून बाहेरचा गोंगाट आत येतो, बेस हरवतो आणि हात पुन्हा व्हॉल्यूमकडे जातो.

ॲक्टिव्ह नॉइज कॅन्सलेशनमध्ये हेडफोनचा माइक बाहेरचा आवाज टिपतो आणि त्याच्या उलट लहर तयार करून तो खोडून काढतो. बसचं इंजिन, विमानाची घरघर, पंखा यांसारख्या एकसुरी, खालच्या आवाजांवर हे तंत्र चांगलं काम करतं. हॉर्न, कुणाचं बोलणं यांवर त्याचा परिणाम कमी असतो. हे तंत्र स्वतः कान वाचवत नाही. ते फक्त व्हॉल्यूम कमी ठेवण्याची संधी देतं. नॉइज कॅन्सलेशन चालू करूनही आवाज पूर्वीइतकाच ठेवला तर कानावरचा भार फारसा हलका होत नाही. रस्ता किंवा रेल्वेचे रूळ ओलांडताना, गाडी चालवताना हेडफोन काढून ठेवावेत, कारण त्या वेळी हॉर्न ऐकू येणं जिवावरचं काम असतं.

व्हॉल्यूम ठरवण्याची एक सोपी पद्धत आहे. शांत खोलीत बसून गाणं आरामात ऐकू येईल इतकाच आवाज ठेवावा आणि तो आकडा लक्षात ठेवावा. बाहेर पडल्यावरही त्याच्या फार वर जायचं नाही, असं ठरवून टाकावं. हेडफोन कानात असताना हातभर अंतरावरच्या माणसाचं नेहमीच्या सुरातलं बोलणं अजिबात कळत नसेल किंवा शेजाऱ्याला तेच गाणं ऐकू येत असेल, तर आवाज जास्त असण्याची शक्यता मोठी आहे.

रात्री गाणी लावून झोपणाऱ्यांनी स्लीप टायमर लावावा. झोपेतले तासही हिशेबात मोजले जातात.

फोन स्वतःच हिशेब ठेवू शकतो

व्हॉल्यूम ६० टक्क्यांच्या खाली ठेवावा असा सल्ला दिला जातो. सुरुवात म्हणून तो चांगला आहे, पण टक्के म्हणजे डेसिबल नव्हे. एकाच फोनवर ६० टक्के आवाज ठेवला तरी एका हेडफोनमध्ये ७५ आणि दुसऱ्यात ८५ डेसिबल येऊ शकतात. म्हणून फोनमधल्या सोयी वापरणं जास्त भरवशाचं.

आयफोनमध्ये सेटिंग्जमधल्या 'साउंड्स अँड हॅप्टिक्स' या भागात 'हेडफोन सेफ्टी' असा पर्याय आहे. तिथे 'रिड्यूस लाउड ऑडिओ' चालू करून डेसिबलची कमाल मर्यादा ठरवता येते. हेल्थ ॲपमध्ये आठवड्याभरातल्या हेडफोनच्या आवाजाची नोंदही दिसते. सॅमसंगच्या फोनमध्ये व्हॉल्यूमच्या सेटिंग्जमध्ये 'मीडिया व्हॉल्यूम लिमिट' मिळतं आणि त्याला पिनही लावता येतो. इतर अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्जच्या शोधपट्टीत 'व्हॉल्यूम' असं टाइप केलं की असा पर्याय आहे की नाही ते कळतं. आवाज वाढवताना स्क्रीनवर येणारी धोक्याची सूचना न वाचता 'ओके' दाबण्याची सवय मात्र मोडायला हवी.

लहान मुलांसाठी मर्यादा कमी

मुलांसाठी मानकातली मर्यादा प्रौढांपेक्षा कमी, म्हणजे ७५ डेसिबलला आठवड्याला ४० तास अशी आहे. मुलांच्या हातात मोठ्यांचा फोन आणि मोठ्यांचा हेडफोन असेल तर फोनमध्ये कमाल आवाजाला आधीच कुलूप लावून ठेवावं. 'किड्स' असं लिहिलेल्या अनेक हेडफोनची कमाल पातळी ८५ डेसिबल असते. याचा अर्थ त्यावर दिवसभर ऐकणं सुरक्षित आहे असा होत नाही. घरात शांतता असेल तर गेम स्पीकरवर खेळू देणं मुलांच्या कानांसाठी अधिक बरं.

काही गैरसमज

'कानाला सवय झाली की त्रास होत नाही.' पूर्वी पुरणारा आवाज आता कमी वाटू लागणं ही सवय नसून ऐकू येणं कमी झाल्याची खूण असू शकते.

'महागडा हेडफोन सुरक्षित असतो.' किंमत जास्त म्हणून धोका कमी होत नाही. चांगल्या हेडफोनमध्ये मोठा आवाजही फाटत नाही, त्यामुळे तो वाढवल्याचं लक्षात येत नाही.

'एकाच कानात इअरबड लावला की अर्धाच धोका.' दोन्ही कानांनी ऐकताना तोच आवाज थोडा मोठा जाणवतो. एकाच कानाने ऐकणारा माणूस ती कसर भरून काढायला व्हॉल्यूम वाढवतो आणि सगळा भार त्या एका कानावर पडतो.

'कानात कोमट तेल घातलं की ऐकू येणं सुधारतं.' तेल बाहेरच्या कानातच राहतं. आतल्या कानातल्या पेशींपर्यंत ते पोहोचत नाही. पडद्याला छिद्र असेल तर तेलामुळे संसर्ग होऊ शकतो.

डॉक्टरांकडे कधी जावं?

मोठा आवाज ऐकल्यानंतर कानात शिट्टी, गुणगुण किंवा भुंगा घोंगावल्यासारखा आवाज येत असेल आणि तो एक-दोन दिवसांत थांबला नाही, समोरच्याला वारंवार 'काय म्हणालास?' असं विचारावं लागत असेल, टीव्हीचा आवाज घरातल्या इतरांना मोठा वाटत असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जाऊन ऑडिओमेट्री करून घ्यावी. या चाचणीत वेगवेगळे सूर हळू आवाजात ऐकवतात आणि कोणता सूर किती हळू असताना ऐकू आला याचा आलेख काढतात. ती वेदनारहित असते. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था आहे आणि बऱ्याच सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतही ही चाचणी होते. घरच्या घरी पहिला अंदाज घ्यायचा असेल तर जागतिक आरोग्य संघटनेचं 'हिअर-डब्ल्यूएचओ' हे मोफत ॲप आहे. मात्र ॲप म्हणजे निदान नव्हे.

एका किंवा दोन्ही कानांनी अचानक, काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत, ऐकू येणं कमी झालं तर मात्र थांबू नये. अशा वेळी पहिल्या काही दिवसांत सुरू झालेले उपचार उपयोगी पडण्याची शक्यता जास्त असते. 'मळ अडकला असेल' म्हणून वाट पाहण्यात हीच वेळ निघून जाते.

जून २०२४ मध्ये पार्श्वगायिका अलका याज्ञिक यांनी इन्स्टाग्रामवर आपल्याला अचानक ऐकू येईनासं झाल्याचं सांगितलं, तेव्हा 'हेडफोनमुळे बहिरेपणा' अशा पोस्ट सोशल मीडियावर फिरल्या. त्यांनी स्वतः डॉक्टरांच्या हवाल्याने त्याचं कारण विषाणूचा हल्ला असं दिलं होतं. मात्र त्याच पोस्टमध्ये त्यांनी चाहत्यांना आणि तरुण सहकाऱ्यांना मोठ्या आवाजातलं संगीत आणि हेडफोन यांबाबत सावध राहायलाही सांगितलं होतं. विषाणूमुळे येणारा बहिरेपणा टाळणं दर वेळी हातात नसतं. आवाजामुळे येणारा बहिरेपणा टाळणं मात्र हातात असतं, त्यासाठी पुढची मॅच सुरू होण्याआधी संगीताचा स्लायडर शून्यावर आणून मुख्य व्हॉल्यूम दोन-तीन पायऱ्या खाली घेतला तरी चांगली सुरुवात होते.